उत्तरपत्रिकेतून प्रबंधाकडे : गोव्यातील इंग्रजी लेखनशिक्षणाची पार्श्वभूमी

डिचोली किंवा सत्तरीच्या गावातून मराठी प्राथमिक शाळा शिकून आलेला विद्यार्थी पीएच.डी.चे पहिले प्रकरण मार्गदर्शकांपुढे ठेवतो, तेव्हा व्याकरणाच्या दुरुस्त्या त्याला समजतात; समासात लिहिलेला 'हे कोण म्हणतो?' हा प्रश्न मात्र समजत नाही. मूळ वाक्य बहुधा 'असे दिसून येते की' या मराठी वळणावर बेतलेले असते. मराठी निबंधात ते वळण सभ्य आणि नेमस्त मानले जाते, परंतु इंग्रजी शोधनिबंधाचा परीक्षक कोणाला दिसले, कशावरून दिसले आणि त्यात तुमचे काय, असे विचारतो. माझ्याही पहिल्या मसुद्यावर असे चौदा प्रश्न होते, आणि तोवर मी अकरा वर्षे इंग्रजीतून उत्तरपत्रिका लिहीत आलो होतो.

ही अडचण समजण्यासाठी गोव्यात इंग्रजी कोणत्या वाटेने आली ते पाहावे लागते. ब्रिटिश मुलखात १८३५ नंतर इंग्रजी सरकारी धोरण म्हणून आली आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. गोव्यात राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती आणि पणजीचे लिसेव ही सरकारी माध्यमिक शाळा १८५४ पासून त्याच भाषेतून शिकवीत होते, तर हिंदू कुटुंबांतील मुले शेणैमामांकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक शिक्षकांकडे, मराठी अक्षरे गिरवीत. इंग्रजी ही शेजारच्या मुलखाची, म्हणजे मुंबईतल्या नोकरीची, आगबोटीची आणि रेल्वेची भाषा होती. हडफड्याचे सेंट जोसेफ हायस्कूल १८८७ मध्ये आणि साळगावचे माटेर देई १९०९ मध्ये सुरू झाले. सरकारी आधारापेक्षा ही गरजच अशा शाळांना बळ देणारी होती, आणि मुलांची तयारी करून घेतली जाई ती मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची. त्यामुळे शिकवले जाई ते नोकरीला लागेल तेवढे : पत्रलेखन, सारांशलेखन, भाषांतर आणि शुद्धलेखन. मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाच इंग्रजीचा दरवाजा होता. एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत बिनचूक नेण्याची ती कसरत उत्तमच होती. स्वतःचे म्हणणे उभे करून ते पुराव्याने पेलणे तिच्या कक्षेत नव्हते.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर पोर्तुगीज भाषा शाळा-कचेरीतून मागे सरली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा पोहोचल्या. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये १९६२ मध्ये सुरू झाली व मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. गोवा विद्यापीठ १९८५ चे. प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून, अशी घडी यातून बसली. ज्या वयात मूल स्वतःच्या भाषेत परिच्छेद जुळवू लागते, त्याच वयात त्याची लेखनाची भाषा बदलते, आणि नव्या भाषेत जुळवण्याची उसंत न मिळाल्याने ते प्रश्नोत्तरे पाठ करते. १९९० मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान नाकारण्याचा आणि २०११ मध्ये ते देण्याचा निर्णय झाला, तेव्हा गोवा ढवळून निघाला. तो वाद महत्त्वाचा होताच. पण पहिलीचे माध्यम ठरवण्यात आपण इतके गुंतलो की विसाव्या वर्षी तो मुलगा लिहिणार काय, हे कोणी विचारलेच नाही.

अन्यत्र लेखन शिकवणे हा विषय स्वतंत्रपणे वाढला. हार्वर्डने १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा सक्तीचा वर्ग बसवला. परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठीय इंग्रजी शिकवणारे ब्रिटनमधील अध्यापक १९७२ मध्ये संघटित झाले. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेची चाल उलगडून दाखवली : आधी क्षेत्राचे महत्त्व, मग त्यातील उणीव, मग त्या उणिवेत स्वतःची जागा. आपल्या विद्यार्थ्याची प्रस्तावना पहिल्या पायरीवरच चार पाने रेंगाळते, कारण शालेय निबंधात तीच पायरी गुण मिळवून देत असे. भारतात हैदराबादची इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था १९५८ पासून कार्यरत होती, परंतु तिच्या कामाचा मोठा भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होता.

आपल्याकडे लेखनाकडे लक्ष वळले ते नियमांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.साठी संशोधनपद्धतीसह अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी इतरांच्या लेखनाशी असलेल्या साम्याच्या पायऱ्या ठरवल्या : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत दुरुस्त करून पुन्हा सादर करणे, त्यापुढे ६० पर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष बंदी आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. परिणामी 'पर्सेंटेज कमी करणे' हेच एक कौशल्य होऊन बसले. परक्या वाक्यातील चार शब्दांना प्रतिशब्द घातले की आकडा उतरतो, आणि वाक्य परकेच राहते. पुढे आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आखून दिला. त्याच्या सहा घटकांत तत्त्वज्ञान व नीती, वैज्ञानिक आचार, प्रकाशननीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातील गैरप्रकार, आणि विदासंचय व संशोधनाची मापने हे विषय आहेत. परिच्छेद कसा बांधावा याला त्यात स्वतंत्र घटक नाही.