टेहळणी विमान (लष्करी)

शत्रूचे तळ, पूल, रस्ते, तोफांच्या जागा वरून बघून, त्यांचे फोटो काढून किंवा त्याच्या रडार-रेडिओचे सिग्नल टिपून परत येणारं लष्करी विमान म्हणजे टेहळणी विमान. यात 'परत येणारं' हा शब्द कळीचा आहे, कारण उपग्रह आणि डेटालिंकच्या आधीच्या काळात सगळी माहिती विमानाच्या पोटातल्या फिल्मवर असायची, त्यामुळे विमान गेलं की फिल्मही गेली आणि मोहीम वाया. मराठीत टेहळणी हा शब्द गडावरच्या टेहळणी बुरुजामुळे सगळ्यांना ओळखीचा आहे, पण बातम्यांत टेहळणी विमान आणि हेर विमान हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. फरक खरं तर कायद्याचा आहे. गणवेशातला पायलट युद्धात पकडला गेला तर तो युद्धकैदी, आणि शांततेच्या काळात दुसऱ्याच्या हद्दीत गुपचूप शिरलेला पायलट पकडला गेला तर त्याच्यावर हेरगिरीचा खटला चालू शकतो. १९६० मध्ये यू-२ या उंच उडणाऱ्या अमेरिकन टेहळणी विमानाचा पायलट फ्रान्सिस गॅरी पॉवर्स याच्यावर मॉस्कोत असाच खटला चालला, १० वर्षांची शिक्षा झाली, आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये त्याला सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेलच्या बदल्यात सोडलं.

विमानातून लष्करी टेहळणीची पहिली मोहीम साधारणपणे २३ ऑक्टोबर १९११ ची धरतात, इटली-तुर्कस्तान युद्धात इटलीचा कार्लो पियाझा ब्लेरिओ विमान घेऊन त्रिपोलीजवळच्या तुर्की फौजा बघून आला होता. लढाऊ विमान त्यानंतरचं. पहिल्या महायुद्धात समोरच्याची टेहळणी विमानं डोक्यावर घिरट्या घालायला लागली, ती पाडायची कशी या गरजेतून विमानावर मशीनगन बसली आणि लढाऊ विमान ही वेगळी जात तयार झाली. म्हणजे ही दोन्ही विमानं पहिल्यापासून एकमेकांना बांधलेली आहेत. पुढे १९३९-४० मध्ये ब्रिटनमध्ये सिडनी कॉटन आणि मॉरिस लॉन्गबॉटम यांनी उलटा विचार केला, की स्पिटफायर या लढाऊ विमानातल्या बंदुका काढून टाका, कॅमेरे आणि जास्तीचं पेट्रोल भरा, आणि लढायच्या ऐवजी उंची आणि वेगावर निसटा. पुढची चाळीसएक वर्षं हेच सूत्र चाललं.

धोके

पहिला धोका अर्थातच पाडलं जाण्याचा. १ मे १९६० ला पॉवर्सचं यू-२ पेशावरहून उडालं आणि स्वेर्दलोव्स्कजवळ एस-७५ क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. त्याच गोंधळात सोव्हिएत सैन्याने स्वतःचंच एक मिग-१९ पाडलं आणि त्याचा पायलट सर्गेई साफ्रोनोव गेला, याचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी राहून जातो. २७ ऑक्टोबर १९६२ ला क्युबावर मेजर रुडॉल्फ अँडरसनचं यू-२ पडलं. मोठ्या, संथ गस्ती विमानांत तर एकाच वेळी खूप माणसं असतात. १५ एप्रिल १९६९ ला उत्तर कोरियाने अमेरिकेचं ईसी-१२१ पाडलं त्यात ३१ जण गेले, आणि १० ऑगस्ट १९९९ ला कच्छच्या कोरी खाडीजवळ भारतीय मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक पाडलं त्यात १६.

पण उंच उडणाऱ्या विमानांत शत्रूपेक्षा हवेनेच जास्त घात केलाय असं आकडे बघितल्यावर म्हणावं लागतं. यू-२ साधारण ७०,००० फुटांवर असताना विमान स्टॉल होण्याचा (पंखांची उचल जाऊन खाली पडण्याचा) वेग आणि विमान थरथरून तुटायला लागेल तो वेग यांच्यात जेमतेम दहा नॉटचं अंतर उरतं, पायलट लोक याला कॉफिन कॉर्नर म्हणतात. उड्डाणाआधी तासभर शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो, नाहीतर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. एसआर-७१ हे अमेरिकेचं आवाजाच्या तिप्पट वेगाचं टेहळणी विमान एकूण ३२ बनली, त्यातली १२ अपघातात गेली आणि शत्रूच्या माऱ्याने एकही नाही.

यातला २५ जानेवारी १९६६ चा अपघात नीट सांगायला हवा. लॉकहीडचा टेस्ट पायलट बिल वीव्हर आणि मागच्या सीटवर जिम झ्वेयर, उंची सुमारे ७८,००० फूट, वेग मॅक ३.१८, म्हणजे आवाजाच्या ३.१८ पट. वळण घेताना उजव्या इंजिनाच्या तोंडाशी हवेचा प्रवाह एकदम बिघडला (याला अनस्टार्ट म्हणतात, म्हणजे आत जाणारी शॉकवेव्ह बाहेर फेकली जाते आणि त्या बाजूचा जोर क्षणात जातो) आणि दोन-तीन सेकंदांत विमानाचे तुकडे झाले. वीव्हरने इजेक्शनचं हँडल ओढलंच नव्हतं. त्याची सीट विमानातच राहिली आणि तो पट्ट्यांसकट बाहेर फेकला गेला. शुद्धीवर आला तेव्हा डोळ्यांपुढे सगळं पांढरं, आधी त्याला वाटलं आपण मेलोय, मग कळलं की हेल्मेटच्या काचेवर बर्फ धरलाय आणि आपण खाली पडतोय. प्रेशर सूट फुगला होता म्हणून तो वाचला, पॅराशूट आपोआप उघडलं, आणि न्यू मेक्सिकोतल्या एका रँचवर तो उतरला. झ्वेयर मात्र विमान तुटतानाच मान मोडून गेला.

लढाऊ विमान रद्द, टेहळणी विमान चालू

एसआर-७१ चं घराणं बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. मूळ विमान सीआयएचं ए-१२, एप्रिल १९६२ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच सांगाड्यावर अमेरिकन हवाई दलासाठी सोव्हिएत बॉम्बर अडवणारं वायएफ-१२ बनवलं, ते ७ ऑगस्ट १९६३ ला उडालं. त्यातलं ह्यूजेसचं एएसजी-१८ रडार आणि लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र त्याआधीच्या एक्सएफ-१०८ रेपियर या विमानासाठी तयार होत होतं, पण रेपियर सप्टेंबर १९५९ मध्येच रद्द झालं होतं. म्हणजे एका बंद पडलेल्या लढाऊ विमानाचा माल दुसऱ्यात गेला आणि पुढे तेही बंद पडलं. १ मे १९६५ ला वायएफ-१२ ने ताशी २,०७० मैलांचा विक्रम केला, त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने ९३ एफ-१२बी विमानांसाठी ९ कोटी डॉलर मंजूर केले, पण संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी पैसे सोडलेच नाहीत आणि जानेवारी १९६८ मध्ये प्रकल्प संपला. कारण म्हणून व्हिएतनामचा खर्च सांगतात, पण खरं कारण हे की सोव्हिएत धोका बॉम्बरवरून क्षेपणास्त्रांवर गेला होता, त्यामुळे शेकड्याने इंटरसेप्टर (बॉम्बर अडवणारी विमानं) घेण्यात अर्थ उरला नव्हता. टेहळणीला मात्र मोजकी विमानं पुरतात, म्हणून तोच सांगाडा तिथे टिकला.

वायएफ-१२ तीनच बनली. एक जून १९७१ मध्ये जळून पडलं, एक डेटनच्या म्युझियममध्ये आहे, आणि तिसऱ्याचा मागचा अर्धा भाग एसआर-७१ च्या चाचणीसाठी बनवलेल्या पुढच्या भागाला जोडून एसआर-७१सी हे ट्रेनर विमान तयार केलं. रद्द झालेलं लढाऊ विमान टेहळणी विमानात गेलं हे इथे अक्षरशः खरं आहे, रिव्हेटसकट. रडार आणि क्षेपणास्त्राची विद्या पुढे एफ-१४ या लढाऊ विमानाच्या फिनिक्स क्षेपणास्त्रात उतरली.

मिग-२५ च्या जन्माचा वाद

सोव्हिएत बाजूला नेमकं उलटं झालं, तिथे मिग-२५ च्या एकाच सांगाड्यावरची लढाऊ आणि टेहळणी ही दोन्ही रूपं टिकली आणि मिळून सुमारे १,१९० विमानं बनली. पण हे विमान नक्की कशासाठी जन्माला आलं यावर अजून एकमत नाही.

जुनं आणि जास्त पसरलेलं मत असं की अमेरिकेच्या मॅक ३ च्या बी-७० वॉल्कायरी बॉम्बरला उत्तर म्हणून मिग-२५ आलं. अडचण तारखांची आहे. आयझेनहॉवर यांनी डिसेंबर १९५९ मध्येच बी-७० चा कार्यक्रम कापून एका नमुना विमानावर आणला होता, मधे थोडा जीव धरला, पण मार्च १९६१ मध्ये केनेडींनी तो फक्त संशोधनापुरता ठेवला. मिग-२५ ला सरकारी मंजुरी कोणी फेब्रुवारी १९६१ ची देतं, कोणी फेब्रुवारी १९६२ ची. पहिली तारीख धरली तर बी-७० चं कारण कसंबसं बसतं, दुसरी धरली तर ज्या बॉम्बरसाठी विमान बनवायचं तो आधीच मेलेला होता. अर्थात मॉस्कोने अमेरिकन घोषणांवर लगेच विश्वास ठेवून काम थांबवलं असतं असंही नाही, त्यामुळे नुसत्या तारखेवरून हे मत मोडीत काढता येत नाही.

दुसरं मत म्हणजे ए-१२ ला उत्तर. यात प्रश्न असा की ए-१२ च्या घराण्याचं अस्तित्व राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केलं ते २९ फेब्रुवारी १९६४ ला, आणि मिगचा पहिला नमुना उडाला ६ मार्च १९६४ ला, म्हणजे आठवड्याभरात. हेरांकडून आधी काही कानावर आलं असेल तर गोष्ट वेगळी, पण जाहीर बातमी हे कारण असूच शकत नाही.

तिसरं मत सोव्हिएत डिझायनरांच्या आठवणींतून येतं, की पॅरिस एअर शो बघून आलेल्या आर्त्योम मिकोयान यांनी व्हिजिलंटी या अमेरिकन विमानासारखं, दोन इंजिनांचं, पण आर-१५ इंजिनवर चालणारं विमान होईल का असं एका सहकाऱ्याला विचारलं आणि तिथून रेखाटनं सुरू झाली. किस्सा म्हणून तो जपून घ्यावा, पण आर-१५ चा मुद्दा पक्का आहे. हे इंजिन मुळात तुपोलेव्हच्या बिनपायलटच्या उडत्या बॉम्बसाठी केलेलं, म्हणजे एकदाच वापरायचं, म्हणून सुरुवातीला त्याचं आयुष्य जेमतेम दीडशे तासांचं होतं. इंजिन हातात होतं आणि मिगच्याच ई-१५० मालिकेतल्या प्रायोगिक विमानांवर ते उडवून झालेलं होतं.

यात एक पुरावा पुरेसा वापरला जात नाही असं वाटतं. मार्च १९६४ ला आधी उडालं ते मिग-२५ चं टेहळणीचं नमुना रूप ये-१५५आर, इंटरसेप्टरचं ये-१५५पी उडालं ९ सप्टेंबरला, सहा महिन्यांनी. निव्वळ बॉम्बर अडवायला विमान करायचं असतं तर कॅमेऱ्याचं रूप सुरुवातीपासून सोबत कशाला असतं? यावर उत्तर देतात की रडार आणि क्षेपणास्त्रं तयार व्हायला वेळ लागतो म्हणून साधं रूप आधी उडवलं, आणि ते उत्तर वजनदार आहे. तरीही हाताशी असलेलं इंजिन आणि टेहळणी-अडवणूक अशी दुहेरी मागणी, हे स्पष्टीकरण एकट्या बी-७० पेक्षा जास्त पटतं.

६ सप्टेंबर १९७६ ला व्हिक्टर बेलेंको मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदातेला उतरला तेव्हा पश्चिमेला विमान आतून बघायला मिळालं. टायटॅनियमची अपेक्षा होती, निघालं बहुतांश निकेल-स्टीलचं, वेल्डिंग केलेलं, आणि रडारमध्ये व्हॅक्यूम ट्यूब. वेगाची मर्यादा मॅक २.८३, १९७१ मध्ये सिनाईवर इस्रायली रडारने मॅक ३.२ चा वेग टिपला तेव्हा इंजिनं निकामी झाली होती असं सांगतात.

भारतात

भारताची लांब पल्ल्याची टेहळणी प्रामुख्याने हवाई दलाच्या १०६ स्क्वाड्रनच्या कॅनबेरा पीआर ५७ या जेट विमानांवर होती. १० एप्रिल १९५९ ला, ईदच्या दिवशी, यातलं एक कॅनबेरा रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर या लढाऊ विमानाने पाडलं. सेन गुप्ता आणि रामपाल हे दोघे इजेक्ट होऊन पकडले गेले आणि नंतर परत आले. विंग कमांडर जगमोहन नाथ यांना १९६२ च्या आगेमागे अक्साई चीन-तिबेटवरच्या आणि १९६५ मध्ये पाकिस्तानवरच्या उड्डाणांसाठी असं दोनदा महावीर चक्र मिळालं. १९६२ नंतर नेहरूंच्या संमतीने सीआयएची यू-२ चीनच्या सीमेवर उडाली, आणि मे १९६४ मध्ये ओडिशातल्या चारबातियाचा तळही वापरला गेला.

बारगळलेल्या लढाऊ विमानांशीही भारताचा एक धागा आहे. इजिप्तचं एचए-३०० हे विमान ७ मार्च १९६४ ला, म्हणजे मिगच्या दुसऱ्याच दिवशी, हेलवानला पहिल्यांदा उडवलं ते भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांनी. त्याच्या ई-३०० इंजिनाची चाचणी मरुत या आपल्या भारतीय लढाऊ विमानावर घेतली, ते इंजिन मरुतला मिळेल अशी आशा होती, पण १९६९ मध्ये इजिप्तने प्रकल्प बंद केला आणि मरुत शेवटपर्यंत कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर राहिलं. ते फार जिव्हारी लागतं, कारण सांगाडा चांगला होता.

मिग-२५आर १९८१ मध्ये बरेलीच्या १०२ स्क्वाड्रनमध्ये आलं, नाव गरुड. ६५,००० फुटांच्या वर जायचं आणि त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचं कुठलंच लढाऊ विमान पोचत नव्हतं. मे १९९७ मध्ये इस्लामाबादवर सॉनिक बूम (आवाजापेक्षा वेगवान विमानाचा स्फोटासारखा आवाज) ऐकू आल्याचं आणि तो मिग-२५ चा असल्याचं बहुतेक लेखक मानतात, पण मोहिमांचे अधिकृत तपशील जाहीर केलेले नाहीत.

कारगिलमध्ये मात्र जुनं कॅनबेराच पुढे होतं. २१ मे १९९९ ला हवाई दलाचे पायलट पेरुमल यांचं विमान फोटो काढत असताना खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र (स्टिंगर म्हणतात, काहीजण अंझा म्हणतात) उजव्या इंजिनाला लागलं. विमान बावीसएक हजार फुटांवर होतं, पण खालचे डोंगरच सोळा-सतरा हजारांचे, त्यामुळे मधलं अंतर क्षेपणास्त्राच्या टप्प्यात येत होतं. पेरुमल यांनी ते एका इंजिनावर श्रीनगरला उतरवलं, आणि कॅमेऱ्यातली फिल्म शाबूत परत आली.

मिग-२५ मे २००६ मध्ये निवृत्त झालं. कॅनबेरा त्याच्यापेक्षा जवळपास पंचवीस वर्षं आधी भारतात आलेलं, पण ते आग्र्याहून शेवटचं उडालं मे २००७ मध्ये.