शाळेत न रमणाऱ्या मुलांसाठी शनिवारचा डोंगरवर्ग
(पालकांसाठी माहितीपत्रक)

रोज सकाळी दप्तर दिसलं की पोट दुखतं, वहीची पानं कोरी येतात, बाईंनी काही विचारलं की मान खाली जाते. अशा मुलांसाठी आम्ही मुळशी तालुक्यातल्या आमच्या चार एकर डोंगरउतारावर वर्ग भरवतो. ही शिकवणी नाही. मागे पडलेला अभ्यास आम्ही भरून काढत नाही; मुलाचं मन आपणहून कशात गुंततं ते शोधतो आणि तिथून सुरुवात करतो.

काय करतो

सहा मुलं, सोबत एक ताई आणि एक दादा, सलग दहा शनिवार, सकाळी 8 ते 11. दर वेळी तीच मुलं, तीच पायवाट, तोच करंज. नवीन जागा दाखवत हिंडत नाही, कारण धास्तावलेल्या मुलाला आधी ओळखीची वाट लागते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिसरीतला एक मुलगा चार शनिवार कुणाशी बोलला नव्हता. पाचव्या शनिवारी तेरड्याचं पिकलेलं बोंड त्याच्या बोटात फुटलं आणि बी उडालं. मग तो बोंडामागून बोंड फोडत सुटला. बी किती लांब गेलं ते वितीने मोजू लागला, आकडे विसरायला लागले तेव्हा त्यानेच पेन्सिल मागितली. वजाबाकी त्याला येत नाही असं आम्हाला सांगितलं होतं. कुठलं बी किती विती पुढे गेलं, हे तो दुसऱ्या मुलांना बिनचूक सांगत होता.

ही वाट आमच्या आधी मोठ्या माणसांनी पाडली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला सुरू झालं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. पानं, बिया, खडे, शिंपले हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. आमच्याकडेही तेच आहे.

याने फरक पडतो का?

अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलता असते अशी अवस्था) असलेल्या 7 ते 12 वर्षांच्या 17 मुलांना वेगवेगळ्या दिवशी 20 मिनिटं चालायला नेलं: कधी बागेत, कधी शहराच्या गजबजलेल्या भागात, कधी घरांच्या वस्तीत. बागेतून आल्यावर त्यांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. 17 मुलं म्हणजे थोडीच, त्यामुळे आम्ही मोठा दावा करत नाही. मात्र ही उपचारपद्धती नाही, हे ठामपणे सांगतो. अक्षरं उलटसुलट होत असतील, वाचन अडत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्याच. अध्ययन अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. दहा शनिवार म्हणजे त्या तपासणीला पर्याय नव्हे.

सुरक्षितता

रिमझिम असली तरी वर्ग भरतो. विजा कडाडू लागल्या की लगेच छपराखाली. पावसाळ्यात ओढा ओलांडत नाही. गवतात शिरण्याआधी काठी आपटायची, दगड हाताने उलटायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतो. सर्पदंशावरचं औषध मिळणारं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि गाडीने तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे पहिल्या भेटीत विचारा. विचारलं नाहीत तरी सांगूच.

तुमच्याकडून काय हवं

जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, डबा, पाण्याची बाटली. मोबाईल नको. आणि एक कळकळीची विनंती: परतताना गाडीत "आज काय शिकलास?" असं विचारू नका. खिशातून निघालेल्या बिया मात्र फेकू नका, त्या वाटीत भिजत घाला.

पहिला शनिवार मुलासोबत तुम्हीही या, त्याची फी नाही. दर गटातली एक जागा फी न परवडणाऱ्या घरासाठी राखलेली असते. तिच्यासाठी कुठलाही कागद मागत नाही, नुसतं सांगा.