गाडी विकली की नावावरून गेली?

"गाडी कधीच विकली, तरी चलान माझ्याच मोबाइलवर!" अशी कैफियत घेऊन आलेल्याला मी आता एकच विचारतो: नुसती विकलीस, की नावावरूनही गेली? समोरचा गोंधळतो. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

विकणं सगळ्यांना जमतं. भाव ठरला, पैसे आले, किल्ल्या दिल्या, डिलिव्हरी नोटवर तारीख-वेळ टाकून सह्या झाल्या. हौस असेल तर स्टॅम्पपेपरवर नोटरीसुद्धा.

मोटार वाहन कायद्याला मात्र मालक म्हणून एकच माणूस ठाऊक आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. पैसे कुणी मोजले, गाडी कुणाच्या दारात उभी आहे, याच्याशी चलानाला देणंघेणं नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, नंबरावरून नोंदीतलं नाव निघतं, पावती त्या नावाने फाटते.

"टीटी फॉर्मवर सह्या केल्या, झालं ट्रान्सफर" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. टीटी म्हणजे मालकी बदलायचे दोन फॉर्म, २९ आणि ३०. सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटच्या खणात सहा महिने पडून असतात आणि गाडी तिकडे तिसऱ्याच माणसाकडे पोचलेली असते. फॉर्म ३० हा घेणाऱ्याच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज. त्यासाठी त्याला ३० दिवस असतात. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची खबर, आणि कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर मुदत १४ दिवसांची. हे काम तुमचं. एजंटचं नाही, घेणाऱ्याचं तर नाहीच. खबर दिल्याची पोच स्वतःकडे ठेवा आणि नोंदीतलं नाव बदलेपर्यंत घेणाऱ्याच्या मागे लागा. वाईट दिसलं तरी चालेल.

जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून वेगळी सोय आहे. अधिकृत डीलर असेल तर फॉर्म २९सी भरून आरटीओला ऑनलाइन कळवायचं. मग गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरवर. ज्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र नाही त्याने पाच हजार जास्त दिले तरी मी त्याला गाडी देणार नाही.

चलान येऊन पडलंच असेल तर आधी गुन्ह्याची तारीख बघा. डिलिव्हरीच्या आधीची असेल तर मुकाट्याने भरा, ते तुमचंच. नंतरची असेल तर एमपरिवाहन या सरकारी ॲपवर मालकाचं नाव तपासा. तिथे नवा मालक दिसत असेल, तर बहुधा नोंदीत फक्त तुमचा जुना मोबाइल नंबर राहिलाय. तो बदलून घ्यायला सांगा. अजून तुमचंच नाव असेल, तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर डिलिव्हरी नोट जोडून तक्रार करा. पण त्याने फार तर तेवढं एक चलान सुटेल. नाव तसंच राहिलं तर पुढचं येणारच.

"दोन हजारांचा तर प्रश्न, भरून टाकतो" म्हणणाऱ्यांनी अपघाताचा विचार करावा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.