रिअ‍ॅलिटी शो

रिअ‍ॅलिटी शो हा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचा एक प्रकार असून त्यात नटांनी रंगवलेल्या पात्रांऐवजी स्वतःच्या नावाने वावरणारी माणसे, स्पर्धेत किंवा एका छपराखाली एकत्र आणून, प्रेक्षकांपुढे ठेवली जातात. ‘वास्तवदर्शी कार्यक्रम’ हा प्रतिशब्द छापील मजकुरात अधूनमधून दिसतो. बोलण्यात तो रुळला नाही, हे एका अर्थी बरेच झाले. या कार्यक्रमांतले वास्तव वेचून, कापून आणि पुन्हा जोडून घेतलेले असते.

अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झालेला, लपवलेल्या कॅमेऱ्याने लोकांची फजिती टिपणारा ‘कॅन्डिड कॅमेरा’ हा या प्रकाराचा पूर्वज मानला जातो. माणसांना घरात कोंडून अहोरात्र चित्रित करण्याचा साचा १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ने घातला. त्याची हिंदी आवृत्ती, ‘बिग बॉस’, २००६ मध्ये आणि मराठी आवृत्ती २०१८ मध्ये आली. मराठी घरांत मात्र हा प्रकार त्याआधीच वेगळ्या वाटेने शिरला होता. २००४ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ने कॅमेरा सोसायट्यांच्या जिन्यावरून थेट हॉलमध्ये नेला, गृहिणीला ‘वहिनी’ केले, सूत्रसंचालक आदेश बांदेकर यांना ‘भावोजी’ केले आणि बक्षीस म्हणून पैठणी ठेवली. त्या नात्यामुळे परक्या माणसाला घर दाखवण्याचा संकोच आपोआप गळून पडला. परदेशी साच्यांना हे कधी इतक्या सहज जमले नाही.

या कार्यक्रमांचे खरे लेखन संकलनाच्या टेबलावर होते. घरातल्या चोवीस तासांचा पाऊण-एक तासाचा भाग होतो, तेव्हा कोण भांडखोर ठरणार आणि कोण सोशिक, हे काय ठेवले यापेक्षा काय गाळले यावर अधिक अवलंबून असते. गायन-नृत्याच्या स्पर्धांत हे काम स्पर्धकाची ओळख करून देणारी छोटी फीत करते. युनिटच्या भाषेत तिला ‘एव्ही’ म्हणतात. स्पर्धक ठाण्यापलीकडच्या दिवा या उपनगरातला असेल तर सकाळच्या लोकलला लोंबकळणारी गर्दी, दोन खोल्यांचे घर आणि पेटी विकत घेण्यासाठी आईने मोडलेल्या बांगड्या त्यात येतात. तो वाशीच्या सुखवस्तू घरातला असेल तर आजोबांचे आजारपण शोधले जाते. त्यातले काहीही खोटे असावे लागत नाही. गाणे ऐकण्याआधीच प्रेक्षकाचे मन वळलेले असते, इतकेच.

निर्मात्यांना हा प्रकार परवडतो. संवादलेखक आणि नटसंच यांवरचा खर्च वाचतो, साचा तयार मिळतो आणि नवखा स्पर्धक प्रसिद्धीच्या आशेवर थोड्या मोबदल्यात राबतो. अर्थात भारतात तारांकित सूत्रसंचालकाच्या मानधनात ही बचत बरीचशी पुन्हा खर्ची पडते. उत्पन्न मुख्यतः प्रायोजकांकडून येते आणि प्रायोजक टीआरपीकडे पाहून येतात. प्रेक्षकाच्या खिशातूनही पैसा येऊ शकतो, हे २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’बरोबर चाललेल्या ‘हर सीट हॉट सीट’ या स्पर्धेने दाखवले. प्रत्येकी २ रुपये ४० पैशांचे सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस त्यात आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवून एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई सुनावली. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या पैशांतूनच दिल्याचा पुरावा नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो आदेश रद्द केला. आता मतदान बहुधा ॲपवर फुकट होते, पण त्यासाठी ॲप उतरवून नोंदणी करावी लागत असल्याने वाहिनीला आयता ग्राहक मिळतो. ठाण्यात स्पर्धक अंतिम फेरीत पोचला की नाक्यानाक्यावर मत मागणारे फलक लागतात, आणि त्यांवर गायकापेक्षा शुभेच्छुकांचेच चेहरे जास्त असतात.

नैतिक प्रश्नांच्या मुळाशी संमती आहे. करारावर सही करताना स्पर्धकाला आपले कोणते रूप दाखवले जाणार हे माहीत नसते. २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टी यांची वांशिक हेटाळणी झाली, तेव्हा ४० हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि प्रेक्षकही वाढले, तक्रार करणारा आणि पाहणारा यांच्यात फार अंतर नसते. लाय डिटेक्टरपुढे खासगी आयुष्य उघडे करणाऱ्या ‘सच का सामना’वरून २००९ मध्ये संसदेत गदारोळ झाला.

मुलांच्या बाबतीत तर सही पालकांचीच असते. बालकामगारविषयक नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. क्लास आणि प्रवासाचे तास कोणी मोजत नाही. परवानगी चित्रीकरण होणार असलेल्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याची लागते. त्यामुळे ऐरोली किंवा नेरूळच्या सेटसाठी अर्ज ठाण्याला करावा लागतो, नवी मुंबईच म्हणवणाऱ्या खारघरच्या सेटसाठी तो रायगडकडे, म्हणजे अलिबागला जातो, आणि ठाण्यातले मूल गोरेगावच्या चित्रनगरीत गाणार असेल तर त्याचा कागद ठाण्याच्या कार्यालयात येतच नाही.