एका आयनाची नोंद: द्राक्षांच्या रेसिड्यू तपासणीतला डिटेक्टर

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यातून युरोपला द्राक्षे पाठवायची, तर आधी बागेतून नमुना जातो आणि रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळांत उरलेल्या रसायनांच्या अंशांचा अहवाल, आल्याशिवाय पॅकहाऊसचे काम पुढे सरकत नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, त्याची झळ नाशिकच्या बागायतदारांनी सोसली आहे. ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, ही मर्यादा लागू होते. इतका अंश पकडणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरविषयी बोलताना रेणूंची वस्तुमानानुसार निवड कशी होते याचीच चर्चा अधिक होते. परंतु निवडलेला आयन, म्हणजे विद्युतभारित कण, अखेर मोजला कसा जातो, हा प्रश्न माझ्या मते तितकाच मोलाचा आहे.

क्लोरमेक्वाटचा रेणू मुळातच धनभारित असतो. यंत्रात 122 वस्तुमानाचा हा आयन निवडून वायूच्या कणांवर आदळवला जातो आणि त्यातून निघालेला 58 वस्तुमानाचा तुकडा डिटेक्टरकडे येतो. त्याच्यावरचा भार अवघा 1.6×10⁻¹⁹ कूलोम असतो. असे आयन धातूच्या पेल्यात झेलून त्यांचा प्रवाह थेट मोजता येतो. यालाच फॅरडे कप म्हणतात. समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, गुणोत्तर अचूक काढायचे असेल तर आजही तोच वापरतात, मात्र सेकंदाला हजारो आयन आल्याखेरीज त्याचा संकेत विद्युत गोंगाटातून वर येत नाही.

म्हणून रेसिड्यू तपासणीत इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर लागतो. येणारा आयन प्रथम काही हजार व्होल्ट ऋण विद्युतदाब असलेल्या कन्व्हर्जन डायनोडवर, म्हणजे आघाताने इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पृष्ठभागावर, वेगाने आदळतो आणि तेथून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हा आघात जोरदार असावाच लागतो, कारण जड आयन तुलनेने हळू येतात आणि हळू आलेला आयन कमी इलेक्ट्रॉन सोडवतो. पुढच्या डायनोडवर प्रत्येक इलेक्ट्रॉन आणखी दोन-तीन इलेक्ट्रॉन मोकळे करतो. दर टप्प्याला तीन धरले, तर चौदा टप्प्यांनंतर एका इलेक्ट्रॉनचे सुमारे 48 लाख होतात आणि काही नॅनोसेकंदांचा स्पष्ट विद्युत स्पंद मिळतो. अनेक यंत्रांत सुट्या डायनोडांऐवजी आतून अर्धवाहक थर दिलेली काचेची वाकडी नळी असते. नळी वाकडी ठेवण्यामागे कारण आहे: शेवटाकडे, उरल्यासुरल्या वायूपासून तयार झालेले धन आयन उलटे धावतात, आणि सरळ नळीत ते आरंभापर्यंत पोहोचून खोटे स्पंद निर्माण करतील. डिटेक्टर आयनांच्या सरळ वाटेपासून किंचित बाजूला बसवतात, तेही याच काळजीपोटी; भार नसलेले रेणू आणि प्रकाशकण सरळ निघून जातात, आयन तेवढे विद्युतदाबाने वळवून घेतले जातात.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. वापरानुसार डायनोडच्या पृष्ठभागावर कार्बनयुक्त थर साचतो, प्रवर्धन (इलेक्ट्रॉनांची वाढ) घटते आणि विद्युतदाब वाढवून ते भरून काढावे लागते. त्यामुळे नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीसोबत ज्ञात प्रमाणाचे मानक नमुने चालवणे अनिवार्य ठरते. दुसरी मर्यादा मोजणीची: एका स्पंदानंतर काही दहा नॅनोसेकंद यंत्रणा पुढचा स्पंद वेगळा ओळखू शकत नाही, त्यामुळे आयनांची गर्दी झाली की मोजणी खऱ्यापेक्षा कमी येते.

क्लोरमेक्वाटच्या बाबतीत हा दोष उघड होण्याची सोय निसर्गातच आहे. क्लोरीनचे 35 आणि 37 हे समस्थानिक साधारण तीनास एक या प्रमाणात आढळतात, म्हणून 122 आणि 124 हे दोन्ही आयन निवडून तपासता येतात. दोहोंपासून मिळणाऱ्या 58 च्या तुकड्यात क्लोरीन नसतो, त्यामुळे डिटेक्टरपुढे दोन्ही वेळी एकच आयन येतो आणि नोंदींचे गुणोत्तर तीनाच्या आसपास राहायला हवे. ते तीनाच्या बरेच खाली घसरले, तर 122 च्या वेळचे आयन मोजणीतून निसटत असण्याची शक्यता धरून नमुना पातळ करतात आणि तो पुन्हा यंत्रात सोडतात.