ऑबी लाइटमागची मर्ल ओबेरॉन

कॅमेऱ्याच्या लेन्सला लागून, बहुधा तिच्या वरच, बसवलेल्या छोट्या दिव्याला छायालेखक आजही ‘ऑबी’ म्हणतात. हे नाव हॉलिवूडची अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिचे. या दिव्याची गरज का पडली हे समजायचे तर तिचा चेहरा आणि तो जपण्यासाठी रचलेली खोटी जन्मकथा, दोन्ही पाहावी लागतात.

तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ चा, मुंबईतला. नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरची हाक क्वीनी. शार्लट सेल्बी या सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेतल्या) मिश्र वंशाच्या बाईंनी तिला मुलगी म्हणून वाढवले. प्रत्यक्षात त्या आजी होत्या; जन्मदाती म्हणजे त्यांचीच अल्पवयीन लेक कॉन्स्टन्स. पुढे कुटुंब कलकत्त्याला गेले. तिथे मर्लने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हौशी नाटकांत कामे केली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस युरोप गाठले. लंडनमध्ये चित्रपट निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला हेरले. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये (१९३३) ती राणी अ‍ॅन बोलिन झाली.

प्रसिद्धीसाठी तिचे जन्मगाव टास्मानियातले होबार्ट ठरवण्यात आले. जागा विचारपूर्वक निवडलेली होती: ब्रिटिश, गोरी आणि इतकी दूर की चौकशीला कोण जाणार? शार्लट सोबत राहत, पण पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून. हे वाचताना जीव तुटतो. तरीही याला निव्वळ तिची हौस म्हणणे अन्यायाचे आहे. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या अमेरिकेत राहणाऱ्या शीख गृहस्थाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वाला अपात्र ठरवला. शिवाय हेज संहितेत, म्हणजे हॉलिवूडच्या चित्रपटांसाठीच्या नीतिनियमांत, गोरे-काळे संबंध पडद्यावर दाखवायला मनाई होती आणि स्टुडिओ आशियाई नटनट्यांनाही तोच नियम लावत. खरे बाहेर आले असते, तर गोऱ्या नायकासमोर नायिका म्हणून तिला कोणी उभे केले नसते. ‘द डार्क एंजल’साठी (१९३५) तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, तेही टास्मानियाची गोरी मुलगी म्हणून.

१९३७ मध्ये लंडनला मोटार अपघात झाला. चेहऱ्याला इजा झाली आणि कोर्डाचा ‘आय, क्लॉडियस’ अर्धवट बंद पडला. दोन वर्षांनी ती ‘वदरिंग हाइट्स’ची कॅथी झाली खरी, पण त्यानंतर सौंदर्यप्रसाधने आणि सल्फा या जंतुनाशक औषधांच्या प्रतिक्रियेने त्वचेवर खड्डे पडले. न्यूयॉर्कच्या तज्ज्ञाकडे त्वचा घासून घेण्याचे उपचारही झाले; ते अर्धेच लागू पडले.

‘द लॉजर’च्या (१९४४) वेळी छायालेखक ल्युसियन बॅलार्डने यावर तोड काढली. खड्डा डोळ्यांत भरतो तो त्यातल्या सावलीमुळे. प्रकाश बाजूने आला की एक कड उजळते, दुसरी काळी राहते. दिवा लेन्सच्या रेषेतच ठेवला तर सावली उंचवट्याच्या थेट मागे पडते आणि लेन्सला ती दिसतच नाही. समोरच्या प्रकाशाने वर्णही उजळ दिसतो, डोळ्यांत बारीक चमक येते. पुढच्या वर्षी मर्ल आणि बॅलार्डने लग्न केले. ते १९४९ पर्यंत टिकले.

हा दिवा वापरताना चुका ठरावीक होतात. मुख्य प्रकाशापेक्षा तो जोरात ठेवला की नाक-गाल सपाट होतात. मागे काच किंवा पॉलिश केलेले लाकूड असेल तर तिथे झळाळी उमटते. सगळ्यात जास्त फसतो तो सरकत्या शॉटमध्ये: दिवा कॅमेऱ्यासोबत पुढे जातो आणि २ मीटरवरून १ मीटरवर येताच चेहऱ्यावरचा त्याचा प्रकाश जवळपास चौपट होतो. म्हणून कोणीतरी डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारे साधन) हातात धरून तो प्रकाश हळूहळू उतरवायचा. कृष्णधवल फिल्मला हे चालून जाई. रंगीत चित्रीकरणात मात्र तारेचा दिवा मंद केला की लालसर होतो, चेहरा तांबूस दिसू लागतो. तिथे डिमरऐवजी दिव्यापुढे जाळी किंवा झडपा लावणे बरे.

हिंदी लोकांना अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी वर्षाला अवघ्या १०० जागा मिळाल्या त्या १९४६ मध्ये. मर्लने मात्र होबार्टची कथा सोडली नाही. १९७८ मध्ये ती त्या गावच्या सत्कारालाही गेली. २३ नोव्हेंबर १९७९ रोजी ती वारली. तिचे मुंबईचे मूळ जगासमोर आले ते १९८३ च्या एका चरित्रातून.