फ्यूज शाबूत, वायर जळालेली

पिकअपच्या बोनेटखालून धूर निघाला आणि गाडी वायरमनकडे गेली, की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: फ्यूज तर उडालेला नाही, मग वायर जळाली कशी? प्रश्न रास्त आहे, कारण फ्यूज असला की वायरिंग सुरक्षित असे बहुतेक गाडीमालक धरून चालतात. प्रत्यक्षात फ्यूजला फक्त स्वतःमधून जाणारा प्रवाह कळतो. त्याच तारेवर दोन हात पुढे एखादा सांधा तापून कपलरचे, म्हणजे तारा एकमेकींना जोडणाऱ्या खोबणीचे, प्लास्टिक वितळत असेल, पण प्रवाह नेहमीइतकाच असेल, तर फ्यूजच्या दृष्टीने काहीही घडलेले नसते. मालवाहू गाड्यांच्या वायरिंगमधील अनेक बिघाड नेमके याच प्रकारचे असतात आणि म्हणूनच ते समजून घेण्यासारखे आहेत.

विजेच्या प्रवाहामुळे तारेत किती उष्णता निर्माण होते, याचा नियम जेम्स जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केला. ही उष्णता रोधाच्या प्रमाणात वाढते आणि प्रवाहाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. गाडीत हा नियम घरापेक्षा फार कठोरपणे लागू पडतो. घरात २३० व्होल्टवर चालणारा १२० वॅटचा दिवा जेमतेम अर्धा अँपिअर प्रवाह घेतो, तर तेवढ्याच वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टच्या बॅटरीवर १० अँपिअर लागतात. सांधा तोच असेल, तर गाडीत तो घरातल्यापेक्षा साडेतीनशे पटींहून अधिक तापतो. गाडीतली वीज १२ व्होल्टची, तिचा झटका बसत नाही, तेव्हा तिच्यापासून धोका नाही, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. झटका बसत नाही हे खरे. आग मात्र लागू शकते.

नारायणगावहून टोमॅटो घेऊन रात्री वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या पिकअपचे हेडलाइट काही तास सलग पेटलेले असतात. समजा, त्यांच्या वाटेतल्या एका जुन्या कपलरमध्ये ०.१ ओहम इतका जादा रोध तयार झाला आहे. ६० वॅटचे दोन बल्ब असतील, तर चालू गाडीच्या साडेतेरा व्होल्टवर त्या सांध्यातून सुमारे १० अँपिअर जातात आणि एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. एक व्होल्ट ही किरकोळ बाब वाटते. पण तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळपास साडेतीनाव्या घातांकाने बदलतो, त्यामुळे तेवढ्याने सुमारे पाव भाग उजेड कमी होतो. ड्रायव्हरला घाटात रस्ता नीट दिसत नाही. मग तो बाजारातून १०० वॅटचे बल्ब आणून बसवतो. आता त्याच सांध्यातून साडेसोळा अँपिअर जाऊ लागतात आणि तिथली उष्णता ११ वॅटवरून २७ वॅटवर पोचते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातले लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचे असते. तेवढी उष्णता घेऊन तो सांधा प्लास्टिकच्या आवरणात तासन् तास बसलेला असतो. आणि २० अँपिअरचा फ्यूज साडेसोळा अँपिअरला हूं की चूं करत नाही.

यातली खरी खेदाची बाब अशी, की मूळ तक्रार बल्बची नव्हतीच. बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत पुरेशी जाड तार, तिच्या उगमाशी योग्य फ्यूज आणि मध्ये एक रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, एवढे केले असते, तर जुन्याच बल्बांनी पूर्ण उजेड दिला असता. रिलेचे गुंडाळे चालवायला अँपिअरचा पाचवा भागही पुरतो, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या स्विचला मोठा प्रवाह वाहावाच लागत नाही.

सांध्यात रोध येतो कुठून? वरवर घट्ट दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्याच सूक्ष्म उंचवट्यांवर एकमेकांना टेकलेले असतात. डिझेल इंजिनाची थरथर आणि खराब रस्ते यांमुळे कपलरमधल्या पिना मिलिमीटरच्या शतांशाइतक्या पुढेमागे सरकत राहतात. प्रत्येक हालचालीत त्यांच्यावरचा कथिलाचा मुलामा किंचित खरवडला जातो, उघड्या पडलेल्या धातूचे ऑक्साइड बनते आणि ती भुकटी नेमकी टेकण्याच्या जागी साचते. रोध वाढतो, सांधा तापतो, तापल्यामुळे पिनेची पकड ढिली पडते आणि ढिल्या पकडीने रोध आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले, की आपोआप थांबत नाही.

किनारपट्टीवर आणखी एक कारण येऊन मिळते. मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचे खारट पाणी सतत ठिबकत असते आणि ते चॅसिसवरून मागच्या दिव्यांच्या कपलरपर्यंत पोचते. खारे पाणी वीज वाहून नेते, त्यामुळे कपलरमधल्या शेजारच्या दोन पिनांमध्ये बारीकसे विद्युत-अपघटन सुरू होते. त्यात धन बाजूच्या पिनेतले तांबे विरघळू लागते. तिच्यावर दिसणारा हिरवा थर म्हणजे तांब्याचेच क्षार. अशा गाड्यांत अर्थिंगच्या पिनेपेक्षा प्रवाह आणणारी पिन आधी खंगते, त्याचे कारण हेच.

आता अर्थिंगकडे वळू. गाडीत बॅटरीची ऋण बाजू चॅसिसला जोडलेली असते आणि प्रत्येक दिव्याचा प्रवाह लोखंडातूनच परत येतो. पिकअपचा हौदा चॅसिसवर बोल्टांनी कसलेला असतो. मध्ये रंग, गंज, कधी रबरी गट्टू असतात. मागच्या दिव्याची अर्थ तार हौद्याच्याच पत्र्याला कसलेली असेल, तर परतीची वाट या सगळ्यांतून जाते. ती तुटली की प्रवाह दुसरी वाट धरतो. ब्रेक दाबल्यावर नंबर प्लेटचा दिवा मंद पेटू लागला, तर ब्रेकच्या बल्बचा प्रवाह शेजारच्या लहान दिव्याच्या तंतूतून उलटा शिरून परत जात आहे, असे समजावे. ही लक्षणे गमतीशीर दिसतात, त्यांतून फारशी उष्णताही निर्माण होत नाही. पण इंजिन आणि चॅसिस यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचे तसे नाही. ती पट्टी गंजून तुटली, की स्टार्टरचे दोनेकशे अँपिअर क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतात. या केबली पोलादी असतात आणि एवढ्या प्रवाहासाठी त्या मुळीच बनवलेल्या नसतात. क्लचची केबल आतून जळालेली आढळली, तर नवी केबल टाकण्याआधी ही पट्टी पाहावी.

आतापर्यंतच्या उदाहरणांत प्रवाहाची वाट अरुंद झाली किंवा तुटली होती. तार पत्र्याच्या भोकाशी घासून उघडी पडते आणि थेट चॅसिसला टेकते, तेव्हा वाट नको तितकी मोकळी होते. भोकातले ग्रोमेट, म्हणजे तार घासू नये म्हणून बसवलेले रबरी कडे, निखळलेले असते किंवा उंदरांनी आवरण कुरतडलेले असते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडणे ही त्याची गरजच आहे. अशा शॉर्टमध्ये बॅटरी हजाराहून अधिक अँपिअर देऊ शकते. त्यातले शंभर अँपिअर जरी एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून गेले, तरी दर मीटरला १७० वॅट उष्णता निर्माण होते आणि तारेचे तापमान सेकंदाला सुमारे ५० अंश सेल्सिअसने चढते. तीन-चार सेकंदांत पीव्हीसीचे आवरण मऊ पडून धुरू लागते आणि त्या धुरात झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड असतो.

इथे फ्यूज खरा उपयोगी पडतो. त्याच्या प्रमाणित मर्यादा पाहण्याजोग्या आहेत. २० अँपिअरचा पिवळा फ्यूज २२ अँपिअरला शंभर तास टिकावा अशी अपेक्षा असते. २७ अँपिअरला तो पाऊण सेकंदातही उडेल किंवा दहा मिनिटेही घेईल. ४० अँपिअरला मात्र त्याने पाच सेकंदांच्या आत उडायलाच हवे. फ्यूज निवडला जातो तो दिव्यासाठी नव्हे, तर तारेसाठी: तार जळण्याआधी तो उडावा, एवढाच त्याचा हेतू. पिवळा वारंवार उडतो म्हणून ३० अँपिअरचा हिरवा खोचला किंवा तारेचा तुकडा लावून डायरेक्ट केले, तर त्या वायरिंगमधला सर्वांत नाजूक भाग आता तारच ठरते. मग ती कुठे वितळेल हे कोणी सांगू शकत नाही. डिझेलच्या नळीशेजारीही वितळू शकते.

वायरिंगच्या दोषामुळे इंजिनही तापू शकते, आणि तेही काट्यावर न दिसता. पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा घटतो. नमुन्यादाखल, २० अंशांना अडीच हजार ओहम, तर ९० अंशांना अडीचशे. सेन्सरच्या गंजलेल्या कपलरने आणखी अडीचशे ओहम जोडले, तर एकूण रोध जास्त, म्हणजे इंजिन थंड, असा अर्थ लावला जातो. गणित केले तर इंजिन ११० अंशांवर असताना काटा ७० ते ७५ च्या दरम्यान दिसेल. ज्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि याच सेन्सरच्या भरवशावर सुरू होतो, तिथे पंखाही स्वस्थ बसेल. तार पूर्ण तुटली तर गाडीतले कंट्रोल युनिट ती चूक ओळखते आणि बऱ्याच गाड्यांत पंखा आपणहून चालू ठेवते. अर्धवट बिघडलेला सांधा मात्र त्याला ओळखता येत नाही, कारण येणारा आकडा पटण्यासारखा असतो.

हे दोष शोधण्याची पद्धतही थोडी वेगळी आहे. गाडी बंद ठेवून मल्टिमीटरने तारेचा रोध मोजणे फसवे ठरते. तारेतले बहुतेक केस, म्हणजे तांब्याचे बारीक धागे, तुटून एकच उरला असला, तरी मीटर जवळजवळ शून्य ओहमच दाखवतो, कारण त्याने सोडलेला प्रवाह अत्यल्प असतो. म्हणून इंजिन सुरू ठेवून आणि हेडलाइट पेटवून सांध्याच्या दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या आत असेल तर सांधा चांगला. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर तो घासून साफ करत बसण्यापेक्षा कापून नवी पिन दाबून बसवणे योग्य. त्या कामाला हात घालण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, आणि ऋणच आधी. धन टोकाच्या नटावर लावलेला पाना चुकून चॅसिसला टेकला, तर वर सांगितलेले हजार अँपिअर त्या पान्यातून जातात. ऋण टोक आधीच सुटलेले असेल, तर तोच पाना टेकूनही काही होत नाही.